विज्ञानकथेतील पात्रांची नावे : एक ऐतिहासिक शोध

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी आणि दप्तरातील कागद अशी यादी आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. या यादीत आम्ही आणखी एका साधनाची भर घालू इच्छितो. ते साधन म्हणजे नाव. कार्ले येथील लेण्यांतील दानलेख वाचले तर दात्याच्या नावासोबत त्याचे गाव आणि त्याचा व्यवसायही कोरलेला आढळतो. कोणी सुतार आहे, कोणी सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. त्या चार अक्षरांवरून त्या काळच्या समाजात दान कोण करू शकत होते आणि कोणाचे नाव दगडावर कोरण्यास योग्य मानले जात होते, हे अभ्यासकाला कळते. नाव लहान असते. त्यामागचा इतिहास लहान नसतो.

जे खऱ्या माणसांच्या नावाबाबत खरे आहे, तेच कथाकादंबऱ्यांतील पात्रांच्या नावाबाबतही खरे आहे. किंबहुना तेथे ते अधिक स्पष्ट दिसते. खऱ्या माणसाचे नाव कधी रूढीने, कधी योगायोगाने ठरते. पात्राचे नाव मात्र लेखक निवडतो. त्यातही विज्ञानकथेचा लेखक न घडलेल्या काळाचे चित्र रंगवीत असतो. भविष्यातील माणसाला कोणते नाव द्यावे, आणि माणसाने निर्माण केलेल्या कृत्रिम जिवाला नाव द्यावे की नाही, या प्रश्नांची उत्तरे देताना तो नकळत आपल्या वर्तमानाचीच साक्ष देतो. आमच्या विद्यार्थी मित्रांनी अशा काही प्रसिद्ध नावांचा मागोवा आमच्यासोबत घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. आधी पद्धतीविषयी

नावाचे मूळ शोधणे हा मोहात पाडणारा उद्योग आहे. दोन शब्द कानाला सारखे लागले की त्यांचे नाते जुळवण्याची घाई होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही घाई टाळली पाहिजे. यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. १९६८ साली प्रदर्शित झालेल्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात अंतराळयान चालवणाऱ्या संगणकाचे नाव ‘हॅल’ आहे. इंग्रजी वर्णमालेत एच, ए आणि एल या अक्षरांच्या पुढची अक्षरे घेतली तर आय, बी, एम ही अक्षरे मिळतात, आणि आयबीएम ही त्या काळची संगणक बनवणारी बलाढ्य कंपनी होती. यावरून हे नाव म्हणजे त्या कंपनीला मारलेला टोमणा आहे, असा समज जगभर पसरला. प्रत्यक्षात कथाकार आर्थर सी. क्लार्क यांनी हा समज वारंवार नाकारला. ज्या दोन संगणकीय पद्धतींवर हा संगणक चालतो, त्यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून ‘हॅल’ बनले, असे त्यांचे म्हणणे होते. तीनही अक्षरे अचूक जुळत असूनही लेखकाची साक्ष वेगळी असू शकते, हा या उदाहरणाचा धडा आहे.

म्हणून नावाचा शोध घेताना आम्ही तीन प्रकारचे पुरावे पाहतो. पहिला, लेखकाची स्वतःची साक्ष. दुसरा, शब्दाची भाषिक घडण. तिसरा, नाव दिले गेले त्या काळाचा इतिहास. तिन्ही पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतील तेव्हा निष्कर्ष पक्का; एकच पुरावा असेल तेव्हा तो केवळ तर्क.

एच. जी. वेल्स यांच्या १८९५ मधील ‘द टाइम मशीन’ या कादंबरीकडे याच दृष्टीने पाहावे. तीत इसवी सन ८०२७०१ मध्ये मानवजातीच्या दोन शाखा झालेल्या दिसतात. जमिनीवर राहणारे नाजूक, निरुद्योगी ‘इलॉय’ आणि जमिनीखाली यंत्रे चालवणारे ‘मॉरलॉक’. ‘इलॉय’ हे नाव ख्रिस्ताच्या तोंडी असलेल्या ‘माझ्या देवा’ या अर्थाच्या अरामी शब्दासारखे आहे, तर ‘मॉरलॉक’ हे नाव नरबळी मागणाऱ्या ‘मोलोख’ या प्राचीन दैवताची आठवण करून देते. हे दोन्ही तर्कच आहेत. मात्र कादंबरीतील सामाजिक विधान तर्काचा विषय नाही. वरचे लोक मालकवर्गाचे आणि खालचे लोक कामगारवर्गाचे वंशज आहेत, हे कथेतील कालप्रवासी स्वतःच अनुमानाने सांगतो. वरच्यांना देवाच्या जवळचे आणि खालच्यांना राक्षसाच्या जवळचे वाटणारे नाव मिळाले, यातच त्या काळच्या इंग्लंडची वर्गविभागणी उमटली आहे.

२. ज्याला नावच मिळाले नाही

आधुनिक विज्ञानकथेचा आरंभ अनेक अभ्यासक मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेनस्टाईन’ या कादंबरीपासून मानतात. ती १८१८ च्या जानेवारीत लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीवर लेखिकेचे नाव नव्हते. व्हिक्टर फ्रँकेनस्टाईन हा तरुण विद्यार्थी मृत शरीरांचे अवयव जोडून एक जीव निर्माण करतो आणि त्याने डोळे उघडताच भयाने पळून जातो. या कथेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या जिवाला संपूर्ण पुस्तकात नाव नाही. निर्माता त्याला कधी सैतान म्हणतो, कधी राक्षस म्हणतो, कधी नुसता ‘जीव’ म्हणतो.

इतर पात्रांची नावे मात्र लेखिकेने विचारपूर्वक योजलेली दिसतात. ‘व्हिक्टर’ म्हणजे विजेता. मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात हा शब्द ईश्वरासाठी आला आहे, आणि मेरी यांचे पती कवी शेली यांनी तरुणपणी हेच टोपणनाव घेऊन कविता छापल्या होत्या. ईश्वराची जागा घेऊ पाहणाऱ्या माणसाला हे नाव शोभून दिसते. ‘फ्रँकेनस्टाईन’ नावाचा एक जुना किल्ला जर्मनीत डार्मश्टाटजवळ आहे. मेरी यांनी १८१४ साली ऱ्हाईन नदीतून त्याच भागातून प्रवास केला होता. मात्र नाव त्या किल्ल्यावरूनच घेतले काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कादंबरीतील पत्रे ज्या मार्गारेट वॉल्टन सॅव्हिल या स्त्रीला लिहिली आहेत, तिच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे एम. डब्ल्यू. एस. अशी येतात. मेरी वुल्स्टनक्राफ्ट शेली यांची आद्याक्षरेही तीच आहेत. मुखपृष्ठावर ज्या स्त्रीचे नाव नव्हते, ती अशा रीतीने आपल्याच कथेची पहिली वाचक बनून आत बसली आहे.

त्या निनावी जिवाची कैफियत कादंबरीच्या मध्यभागी येते. तो लपून एका गरीब कुटुंबाचे बोलणे ऐकतो, भाषा शिकतो, वाचायला शिकतो. त्या घरातील भावाबहिणींची नावे फेलिक्स आणि अगाथा अशी आहेत. पहिल्याचा लॅटिन अर्थ सुखी आणि दुसऱ्याचा ग्रीक अर्थ सज्जन. त्या घरातला आंधळा वृद्ध या जिवाशी माणसासारखा बोलतो, कारण त्याला समोरच्याचे रूप दिसत नाही. सुखी आणि सज्जन अशी नावे असलेली ती डोळस मुले मात्र त्याला पाहताच त्याच्यावर तुटून पडतात अथवा बेशुद्ध होतात. आपण तुझे आदम व्हायला हवे होतो, असे तो जीव आपल्या निर्मात्याला सुनावतो. बायबलमधील आदमला नाव आहे. शिवाय इतर प्राण्यांना नावे देण्याचा अधिकारही आहे. या जिवाला दोन्ही नाही. त्याचा गुन्हेगारीकडे झालेला प्रवास येथून सुरू होतो, हे लेखिकेने फार स्पष्टपणे दाखवले आहे.

पुढे रंगभूमीवर आणि चित्रपटांत ही कथा गाजली. १८२३ च्या नाटकाच्या जाहिरातीत या पात्राच्या नावाच्या जागी केवळ रेघ होती, तर १९३१ च्या चित्रपटाच्या आरंभीच्या नामावलीत त्या नटाच्या जागी प्रश्नचिन्ह होते. लोकांनी अखेर ती रिकामी जागा स्वतःच भरली आणि निर्मात्याचेच नाव त्या जिवाला चिकटवले. आज सामान्य माणूस ‘फ्रँकेनस्टाईन’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात तो राक्षसच असतो. ज्याने जन्म देऊन नाव नाकारले, त्याचेच नाव अखेर त्या अपत्याला मिळाले, हा काळाने केलेला न्याय म्हणावा लागेल.

३. ज्याने नाव टाकून दिले

नाव नाकारले जाणे वेगळे आणि स्वतः होऊन नावाचा त्याग करणे वेगळे. ज्यूल व्हर्न यांच्या ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ या १८६९-७० मधील कादंबरीचा नायक कॅप्टन निमो हा दुसऱ्या प्रकारचा आहे. लॅटिन भाषेत ‘निमो’ म्हणजे ‘कोणीही नाही’. होमरच्या ‘ओडिसी’मध्ये एकाक्ष राक्षसाच्या तावडीत सापडलेला ओडिसियस आपले नाव ‘कोणी नाही’ असे सांगून सुटका करून घेतो. त्याच युक्तीचा हा लॅटिन अवतार आहे. त्याच्या ‘नॉटिलस’ या पाणबुडीचे नावही इतिहासातून आले आहे. रॉबर्ट फुल्टन या अमेरिकी अभियंत्याने १८०० साली फ्रान्समध्ये बांधलेल्या पाणबुडीचे नाव नॉटिलस असेच होते. पाणबुडीत अडकलेल्या आणि सतत किनाऱ्याची ओढ असलेल्या भालाफेक्याचे आडनाव ‘लँड’, म्हणजे जमीन, असावे हीही व्हर्न यांची गंमत आहे.

हा ‘कोणी नाही’ मूळचा कोण, याची कथा त्याहून उद्बोधक आहे. व्हर्न यांच्या मनात तो पोलंडचा सरदार होता. १८६३ साली पोलिश जनतेने रशियाच्या झारविरुद्ध उठाव केला आणि तो निर्दयपणे चिरडला गेला. त्यात कुटुंब गमावलेला माणूस समुद्राच्या तळाशी जाऊन सूड घेतो, अशी मूळ कल्पना होती. प्रकाशक एत्झेल यांना रशियातील वाचक आणि सरकार यांचा रोष नको होता. त्यांनी विरोध केला आणि निमोचे राष्ट्र पहिल्या कादंबरीत गुलदस्तात राहिले. पुढे १८७४-७५ मधील ‘रहस्यमय बेट’ या कादंबरीत व्हर्न यांनी ते उघड केले. निमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, टिपू सुलतानाचा पुतण्या, युरोपात शिकलेला आणि १८५७ च्या उठावात लढलेला.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे लगेच शंका येईल, आणि यायलाच हवी. टिपू सुलतान १७९९ साली श्रीरंगपट्टण येथे लढताना मारला गेला. म्हैसूरचे ते घराणे आणि उत्तरेतील बुंदेलखंडचे संस्थान यांचे असे नाते जुळवणे कठीण आहे. व्हर्न यांनी भारत पाहिलेला नव्हता. इंग्रजांशी लढलेली दोन प्रसिद्ध ठिकाणे त्यांनी एका वंशावळीत गुंफली, असे आम्हांस वाटते. बुंदेलखंड म्हणताच १८५७ च्या संदर्भात झाशी आठवते, आणि झाशीवर त्या काळी नेवाळकर हे मराठी घराणे राज्य करीत होते, हे आपल्याला ठाऊकच आहे. तपशील चुकीचा असला तरी त्यामागील निवड लक्षात घेण्याजोगी आहे. पोलंडचा माणूस नको म्हटल्यावर व्हर्न यांनी दुसरा पराभूत देश शोधला. साम्राज्याने ज्याचे सर्वस्व हिरावले, तो आपले नाव टाकून देतो, ही कल्पना त्यांनी सोडली नाही. भा. रा. भागवत यांनी व्हर्न यांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्यामुळे हा राजपुत्र मराठी मुलांच्याही ओळखीचा झाला.

४. ज्याचे काम हेच त्याचे नाव

विज्ञानकथेने जगाला दिलेला सर्वांत प्रसिद्ध शब्द म्हणजे ‘रोबो’ किंवा ‘रोबोट’. झेक लेखक कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि जानेवारी १९२१ मध्ये प्राग येथे त्याचा प्रयोग झाला. नाटकातील कारखान्यात कृत्रिम कामगार तयार होतात. ते लोखंडाचे नसून रासायनिक पदार्थांपासून घडवलेले, दिसायला माणसासारखेच आहेत. त्यांना काय म्हणावे हा प्रश्न चापेक यांना पडला. लॅटिनमधील श्रम या अर्थाच्या शब्दावरून ‘लाबोरी’ असे काहीसे नाव त्यांच्या मनात होते. पण ते त्यांना कृत्रिम वाटले. तेव्हा चित्र रंगवण्यात गढलेल्या त्यांच्या भावाने, योसेफ चापेक यांनी, ‘रोबोट’ हा शब्द सुचवला. ही हकिगत कारेल यांनी १९३३ साली स्वतःच वृत्तपत्रात लिहून भावाला श्रेय दिले. म्हणजे या नावाबाबत लेखकाची प्रत्यक्ष साक्ष उपलब्ध आहे.

‘रोबोटा’ या शब्दाचा अर्थ साधे काम असा नाही. मध्य युरोपातील कुळांना जमीनदाराच्या शेतावर ठरावीक दिवस मोबदल्याशिवाय राबावे लागे, त्या सक्तीच्या श्रमाला ‘रोबोटा’ म्हणत. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, ज्यात झेक प्रदेश होता, ही पद्धत १८४८ साली कायमची रद्द झाली. नाटक लिहिले गेले तेव्हा त्या घटनेला पाऊण शतकही झाले नव्हते. आजोबांच्या पिढीने भोगलेला शब्द नातवाच्या पिढीने यंत्रयुगातील कामगाराला दिला. मराठीत या शब्दाला अगदी जवळचा शब्द आहे, तो म्हणजे ‘वेठ’. वेठबिगारीचा अर्थ या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही. वतनाच्या नावाखाली अहोरात्र राबवून घेण्याच्या प्रथेविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले, आणि पुढे संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली. त्या अनुच्छेदाच्या इंग्रजी मसुद्यातही ‘बेगार’ हा आपलाच शब्द जसाच्या तसा ठेवलेला आहे. काही अनुभव असे असतात की त्यांना परभाषेतील शब्द पुरत नाही.

मराठीने मात्र ‘रोबोट’चे भाषांतर ‘यंत्रमानव’ असे केले. शब्द सुंदर आहे. त्याने मूळ शब्दात नसलेला ‘मानव’ त्यात आणला आणि मूळ शब्दात असलेली ‘वेठ’ गाळली. चापेक यांचा इशारा समजून घ्यायचा असेल तर गाळलेला अर्थ पुन्हा आठवावा लागतो.

नाटकातील अन्य नावेही बोलकी आहेत. कारखान्याच्या संस्थापकाचे आडनाव ‘रोसुम’; झेक भाषेत ‘रोझुम’ म्हणजे बुद्धी. व्यवस्थापक ‘डोमिन’, लॅटिनमधील ‘डोमिनस’ म्हणजे मालक या शब्दावरून. अभियंता ‘फाब्री’, म्हणजे ‘फाबेर’, कारागीर. थोडक्यात, माणसांकडे बुद्धी, मालकी आणि कौशल्य. कृत्रिम कामगारांकडे वेठ. दोन रोबोंना मॅरियस आणि सुल्ला अशी नावे दिलेली आहेत, आणि त्यांतील सुल्ला ही स्त्रीरूप आहे. डोमिनला वाटते की मॅरियस आणि सुल्ला हे प्राचीन काळचे प्रेमी युगुल असावे. वास्तविक ते इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील, एकमेकांचे वैरी असलेले रोमन सेनापती होते. इतिहास न जाणता नावे वाटणारा मालक, ज्यांना तो नावे देतो त्यांच्या उठावाने अखेर नष्ट होतो. इतिहास शिकवणाऱ्या आम्हां शिक्षकांना हा प्रसंग विशेष आवडतो.

ज्यांनी जगाला हा शब्द दिला, ते योसेफ चापेक नाझींच्या कैदेत पडले आणि १९४५ साली बेर्गेन-बेलसेनच्या छळछावणीत मरण पावले. त्या छावण्यांत माणसाची ओळख नावाने होत नसे. ती क्रमांकाने होत असे.

५. नावाऐवजी क्रमांक, नावाऐवजी खूण

क्रमांकाची ही भीती साहित्याने आधीच ओळखली होती. येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाने १९२०-२१ च्या सुमारास ‘आम्ही’ ही कादंबरी लिहिली. ती १९२४ साली प्रथम इंग्रजीत अमेरिकेत छापली गेली; सोव्हिएत रशियात ती प्रसिद्ध होण्यास १९८८ साल उजाडले. तिच्यातील भावी राज्यात माणसांना नावे नाहीत. पुरुषाला एक व्यंजन आणि विषम संख्या, स्त्रीला एक स्वर आणि सम संख्या. नायक डी-५०३, त्याला बंडाकडे नेणारी स्त्री आय-३३०. झाम्यातिन इंग्लंडमध्ये जहाजबांधणीचे अभियंते म्हणून राहिले होते आणि इंग्रजी जाणत होते. इंग्रजीत ‘आय’ म्हणजे ‘मी’. पुस्तकाचे नाव ‘आम्ही’ आणि बंडखोर स्त्रीचे अक्षर ‘मी’, हा योग समीक्षकांनी टिपलेला आहे.

आयझॅक असिमोव्ह यांच्या १९५४ मधील ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ या कादंबरीत नाव आहे, पण त्यापूर्वी एक खूण आहे. त्यातील रोबो गुप्तहेराचे नाव ‘आर. डॅनिल ऑलिव्हॉ’. आरंभीचे ‘आर.’ हे अक्षर तो रोबो असल्याचे जाहीर करते. तो बुद्धीने, रूपाने, वागण्याने कोठेही उणा नाही. तरी नावाचे पहिले अक्षर उच्चारताच ऐकणाऱ्याची नजर बदलते. माणसे साध्या रोबोंना ‘बॉय’ म्हणून हाक मारतात. अमेरिकेत प्रौढ कृष्णवर्णीय पुरुषांना गोरे लोक याच शब्दाने हाक मारीत असत. नावातील एका तुकड्यावरून माणसाची पायरी ठरवण्याची रीत कोणत्या एका देशाची मक्तेदारी नाही, हे आपल्या वाचकांना निराळे सांगायला नको.

६. नाव उरले, इतिहास गेला

ऑल्डस हक्स्ली यांची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ही १९३२ मधील कादंबरी नावांच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध आहे. तिच्यातील जागतिक राज्यात दोनशे कोटी लोकांसाठी अवघी दहा हजार आडनावे शिल्लक आहेत. माणसे बाटल्यांत वाढवली जातात आणि कालगणना हेन्री फोर्ड यांच्या पहिल्या ‘टी’ मोटारीपासून, म्हणजे १९०८ पासून, होते. पात्रांची नावे पाहा. बर्नार्ड मार्क्स, लेनिना क्राऊन, पॉली ट्रॉट्स्की, बेनिटो हूव्हर, हेल्महोल्ट्झ वॉटसन. कार्ल मार्क्स, लेनिन, ट्रॉट्स्की, मुसोलिनी, अमेरिकेचे अध्यक्ष हूव्हर, जर्मन वैज्ञानिक हेल्महोल्ट्झ आणि वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ वॉटसन यांची ही सरमिसळ आहे. राज्याचा नियंत्रक मुस्तफा माँड. ‘मुस्तफा’ म्हणताच तुर्कस्तानचे मुस्तफा केमाल आठवतात, तर ‘माँड’ हे इंग्लंडमधील प्रचंड रसायन उद्योगाचे प्रमुख आल्फ्रेड माँड यांचे आडनाव. हक्स्ली यांनी त्या उद्योगाचा बिलिंगहॅम येथील कारखाना पाहिलेला होता.

याच कादंबरीत एका सामुदायिक उपासनेच्या प्रसंगी ‘सरोजिनी एंगेल्स’ नावाची स्त्री ओझरती दिसते. हक्स्ली १९२५ साली भारतात आले होते आणि मुंबईत त्यांची सरोजिनी नायडूंशी भेट झाली होती. १९२६ च्या आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी त्या भेटीचा उल्लेख केला आहे. हे नाव तेथूनच आले असावे, हा तर्क त्यामुळे बळकट होतो.

आता या नावांचा आणि त्या पात्रांच्या आचरणाचा मेळ घालून पाहा. मार्क्स नावाचा माणूस शोषणाविषयी काहीही बोलत नाही. आपल्याला मान मिळत नाही म्हणून तो कुढतो आणि मान मिळताच खूश होतो. लेनिनचे नाव धारण करणारी तरुणी नवे कपडे, खेळ आणि विस्मृतीची गोळी यांत समाधानी आहे. ट्रॉट्स्कीचे नाव एका लहान मुलीला मिळाले आहे. त्यांपैकी कोणालाही आपले नाव कोठून आले हे ठाऊक नाही, कारण त्या राज्यात इतिहास शिकवणेच बंद आहे. सत्तेला क्रांतिकारकांच्या नावांची भीती उरलेली नाही. नावे तिने मोकळ्या हाताने वाटली आहेत. फक्त त्यांमागील विचार काढून घेतला आहे.

आमच्या मते नाव नाकारण्यापेक्षा किंवा क्रमांक देण्यापेक्षा हा प्रकार अधिक धोक्याचा आहे. निनावी माणसाला निदान आपल्याजवळ काय नाही हे कळते. फ्रँकेनस्टाईनच्या त्या जिवाला ते कळले आणि त्याने जाब विचारला. पोकळ झालेले थोर नाव मिरवणाऱ्याला मात्र आपण काही गमावले आहे, याचा पत्ताही लागत नाही.

७. मराठीतील एक नाव

नावाचे वजन किती असते, हे दाखवणारी एक हकिगत मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातही आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिले पारितोषिक मिळाले, आणि मग कळले की जगताप नावाचे कोणी नाहीतच. जयंत विष्णु नारळीकर यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने लिहिली होती. ‘ज. वि. ना.’ चे ‘ना. वि. ज.’ झाले होते. जागतिक कीर्तीच्या वैज्ञानिकाचे नाव पाहून परीक्षकांचे मन झुकू नये, कथेचे मोल कथेवरूनच व्हावे, हा त्यामागील हेतू होता. ज्याच्या नावाला वजन आहे त्याने ते बाजूला ठेवून परीक्षेला बसावे, हा वैज्ञानिक वृत्तीचा उत्तम नमुना आहे. नावावरून पारख न करता कृतीवरून करावी, ही समतेचीही पहिली पायरी आहे.

८. समारोप

या साऱ्या विवेचनातून तीन प्रश्न हाती येतात. नाव कोणी दिले? कोणाला दिले? आणि ज्याला दिले त्याला त्याचा इतिहास ठाऊक आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सत्ता कोणाकडे होती हे सांगतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याने द्यायचे असते.

आपल्या वसतिशाळेच्या हजेरीपटावर नजर टाकली तर मिलिंद, सुजाता, अशोक, राहुल, प्रज्ञा अशी नावे ओळीने भेटतात. आपल्या आधीच्या पिढ्यांनी लादलेली नावे बाजूला सारून ही नावे समजून-उमजून निवडली. ‘मिलिंद’ हे मिनँडर या ग्रीक राजाच्या नावाचे पाली रूप आहे. भिक्खू नागसेनांना निर्भयपणे प्रश्न विचारणारा आणि पटेपर्यंत विचारीत राहणारा तो राजा. हे ज्याला माहीत आहे, त्या मिलिंदाला वर्गात प्रश्न विचारताना संकोच वाटण्याचे कारण नाही. हे ज्याला माहीत नाही, त्याचे नाव हक्स्लीच्या त्या दहा हजार नावांतील एक होऊन राहील. नाव देण्याचे काम मागच्या पिढीने केले. त्यात अर्थ भरण्याचे काम अभ्यासाचे आहे, आणि ते प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः करावयाचे आहे.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. आपल्या स्वतःच्या नावाचा अर्थ, त्याचे मूळ आणि ते कोणी, का ठेवले याची माहिती घरातील वडीलधाऱ्यांकडून घेऊन एक पानभर टिपण लिहा.

२. ‘रोबोट’ आणि ‘यंत्रमानव’ या दोन शब्दांतील अर्थभेद आपल्या शब्दांत स्पष्ट करा. आपणास तिसरा मराठी शब्द सुचतो काय?

३. आपण वाचलेल्या एखाद्या मराठी विज्ञानकथेतील पात्रांची नावे घ्या. लेखात सांगितलेल्या तीन प्रकारच्या पुराव्यांपैकी कोणता पुरावा त्या नावांविषयी मिळतो, ते शोधा.

४. ‘हॅल’ या नावाच्या उदाहरणावरून इतिहासलेखनात पुराव्याची छाननी का आवश्यक असते, यावर वर्गात चर्चा करा.